मे महिन्यातला गोवा: बॅगेत काय भरायचं आणि काय घरी ठेवायचं

प्रश्न पुण्याहून आलाय, थोडक्यात असा: मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस गोव्याला यायचंय, मुक्काम पणजीत. बरोबर नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतल्या सासूबाई. त्या साडीच नेसतात. दोन दिवस समुद्र, एक दिवस जुनं गोवं आणि मंगेशी-कवळे, एक संध्याकाळ मांडवीत बोटीवर. "सगळं कॉटनच घेतलंय. आणखी काय लागेल? आणि मी स्विमिंग कॉस्च्यूम घातला तर लोक काय म्हणतील?"

कॉस्च्यूमचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देते. मला काळजी वाटली ती "सगळं कॉटनच घेतलंय" ह्या वाक्याची.

मी म्हापशात कपडे शिवते. सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे शिवायला टाकणाऱ्यांपेक्षा उसवून घ्यायला येणारेच जास्त. हॉटेलातून रिक्षा करून येतात, पिशवीतून दोन-तीन कुर्ते काढतात आणि विचारतात, "ह्याचं अस्तर काढून द्याल का, संध्याकाळपर्यंत?" कुर्त्याच्या मानेपाशी पट्टी असते 'प्युअर कॉटन'ची, आणि ती खोटी नसते. वरचं कापड कॉटनच असतं. आतलं अस्तर मात्र पॉलिस्टर क्रेपचं, आणि अंगाला लागतं ते अस्तरच. पुण्यात तोच कुर्ता दोन उन्हाळे घातलेला असतो आणि काही जाणवलेलं नसतं.

मग इथेच का जाणवतं? मेमध्ये पुण्यात पारा ३८-४० ला टेकतो, पणजीत ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, बरंच आहे की. पण पुण्याची दुपार कोरडी. घाम येतो तसा हवा तो पिऊन टाकते, अंग गार राहतं, घाम आल्याचं कळतही नाही. इथे हवा आधीच ओलीने भरलेली. दमटपणा ७० टक्क्यांच्या आसपास, सकाळी त्याहूनही वर. घामाला उडून जायला जागाच नसते. रात्रीही पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही, म्हणून रात्री वाळत घातलेला जाड कपडा सकाळी ओलसरच लागतो. तेव्हा इथल्या मेसाठी कपडा निवडताना ऊन नंतर बघा, आधी घाम बघा. हा कपडा अंगावर किती लवकर सुकेल आणि दोरीवर किती लवकर वाळेल, एवढंच स्वतःला विचारा.

आता कॉटनकडे येऊ. सूत हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरून ठेवतं, रेयॉन १२-१३ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पातळ, मोकळ्या विणीचं सूत घाम शोषतं आणि वारा लागला की सोडून देतं. जाड सूत नुसतं शोषत राहतं. मलमल, व्हॉइल, कॅम्ब्रिक, पातळ खादी, मंगलगिरी ही सगळी कॉटन. जीन्स, जाड होजिअरीचा टी-शर्ट, ट्विलची पँट, दुपदरी जॅकेट-कुर्ता हेही कॉटनच. तुमच्या बॅगेत ह्या दुसऱ्या गटातलं काय काय शिरलंय ते आजच बघून बाहेर काढा. जीन्स आणायचीच तर प्रवासात अंगावर असेल तेवढी एक. ती इथे समुद्रात भिजली तर लवकर वाळत नाही, आणि वाळेपर्यंत असा कुबट वास धरते की परतीच्या बसमध्ये शेजारच्याला कळतं.

गिऱ्हाइकाला कापड दाखवताना मी एक गोष्ट करते, तुम्हीही घरी करून बघा. कुर्त्याचा एकेरी भाग तोंडाजवळ धरायचा, पलीकडे तळहात ठेवायचा आणि फुंकर मारायची. तळहाताला वारा लागला तर कपडा गोव्याला चालेल. नाही लागला तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, राहू द्या घरी. अस्तर असलेला कुर्ता तर अस्तरासकट धरून फुंका; निम्मे तिथेच बाद होतील. आवडता कुर्ता बाद झाला तर पुण्यातच कोपऱ्यावरच्या टेलरकडून अस्तर काढून घ्या आणि पारदर्शक वाटत असेल तर आत पातळ मलमलची शमीज घाला. सुट्टीतली दुपार माझ्यासारखीच्या दुकानात स्टुलावर बसून घालवू नका.

लिनन ह्या फुंकरीच्या परीक्षेत पहिलं येतं. चुरगळतं, ते चुरगळू द्या. ह्या हवेत इस्त्री तशीही तासाभरापुरतीच.

रेयॉनचं मात्र सांभाळून. कळंगुट-बागाच्या रस्त्याला टांगलेले फुलाफुलांचे फ्रॉक आणि शर्ट बहुतेक रेयॉनचे असतात. (गोंयकार तसला शर्ट घालत नाही, विकतो.) हाताला गार लागतात, अंगावर छान पडतात, स्वस्तही असतात, संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फिरायला एक घेतलात तरी हरकत नाही. पण रेयॉन भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ते घालून लाटांत जायचं आणि वर येऊन कचकन पिळायचं, म्हणजे शिवणीशेजारी कापड फाटलंच समजा. नुसतं निथळू द्यावं आणि सावलीत वाळवावं.

उलट पॉलिस्टरला सरसकट नावं ठेवू नका. मुलांचे खेळाचे जाळीदार टी-शर्ट ओल धरत नाहीत, बघता बघता वाळतात. वास धरतात, म्हणून रोज रात्री धुवावे लागतात. किल्ला चढायचा असेल तर मी स्वतः तेच सुचवते.

शिवणीबद्दल थोडं, कारण कापड चांगलं असून बेतताना माप चुकलं तरी हाल होतातच. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, घट्ट नको. हात खाली सोडून काखेत दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. घट्ट असेल तर घामाने भिजलेली कड दोन तासांत काचायला लागते. बिनबाह्यांचं गार असतं असा समज आहे, पण उन्हात चालताना कोपरापर्यंतची सैल बाही जास्त सुखाची. ऊन दंडावर बसत नाही आणि बाहीतून वारा खेळतो. लेगिंग विसरा, सैल पायजमा किंवा पलाझो घ्या. फ्रॉक किंवा स्कर्ट घालणार असाल तर आतून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी सपाट शिवणीची चड्डी हवी, नाहीतर मीठ, वाळू आणि घाम मिळून मांड्या अशा सोलवटतात की दुसऱ्या दिवशी चालवत नाही. हे कुणी आधी सांगत नाही, आणि मग पणजीत येऊन मेडिकलचं दुकान शोधावं लागतं. आतले कपडे सुतीच, आणि वाटतात त्याच्या दुप्पट.

सासूबाईंकडे जरा जास्त लक्ष देते, कारण अशा प्रवासात सगळ्यात जास्त थर त्यांच्याच अंगावर असतात आणि त्या बोलत नाहीत.

साडीला खळ अजिबात घालू नका. पुण्यात खळीची कॉटन साडी अंगापासून सुटी राहते. इथे तासाभरात खळ ओल धरते, साडी मऊ पडते आणि चिकट होऊन पायात घोटाळते. बिनखळीची मलमल, कोटा किंवा हलकी मंगलगिरी उत्तम. परकर सॅटिनचा असेल तर तो आधी बदला. पॉपलिनचा हवा, घेर थोडा जास्त. आणि नाडी. चाळीस-पन्नास वर्षं रोज नाडी आवळणाऱ्या बायकांच्या कमरेवर काळा पट्टा पडलेला असतो, तिथली त्वचा राठ झालेली असते. दमट हवेत नाडी दिवसभर ओली राहते, त्याच जागी काचते, मग खाज, मग बुरशी. बायका वर पावडर टाकतात आणि पुन्हा तीच नाडी आवळतात. त्याऐवजी परकराला चार बोटं रुंद सुती पट्टा लावून घ्या, बाजूला दोन बटणं किंवा हुक. भार सगळ्या कमरेवर वाटला जातो. कुठल्याही टेलरला अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे एक जरी केलंत तरी सासूबाई तुम्हाला दुवा देतील. खाज आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरला दाखवूनच निघा.

ब्लाउज बिनअस्तराचा, पाठ जरा खोल. हुक साधे लोखंडी असतील तर खाऱ्या हवेत आणि घामात गंजतात, पांढऱ्या ब्लाउजवर तांबूस ठिपके उमटतात. डाग पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं, निघतो. निघण्याआधी हुकांऐवजी बटणं लावून घेतली तर प्रश्नच मिटला.

त्यांना इथून काही घ्यायची हौस असेल तर कुणबी साडी बघा. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, हातमागावरची. भातशेतात राबणाऱ्या बायकांचा हा कपडा. गुडघ्याखाली जेमतेम येणारा, खांद्यावर गाठ मारून नेसलेला, म्हणजे चिखलात कामही करता यावं आणि वाराही लागावा. ही साडी हळूहळू नाहीशी होत चालली होती. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स ह्यांनी तिला पुन्हा लोकांसमोर आणलं. २०२० मध्ये ते गेले. आता बाजारात तिच्या नावाखाली यंत्रमागाचंही बरंच खपतं, तेव्हा तिथेही फुंकर मारून बघायला लाजू नका. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटू शकतो, इतर कपड्यांबरोबर भिजवू नका.

किती कपडे घ्यायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तोच महत्त्वाचा आहे. इथली जुनी दुकानं दुपारी एकला बंद होतात ती तीन-चारला उघडतात. त्या वेळेत बाहेर हिंडण्यात अर्थ नसतो, आणि इथल्या माणसाची ती आंघोळ करून, कपडे बदलून आडवं पडायची वेळ. तुम्हीही तेच करा. म्हणजे माणशी दिवसाला दोन जोड लागतात. पाच दिवसांचे दहा जोड भरायची गरज नाही. पातळ कपड्यांचे पाच जोड आणि समुद्राचा एक वेगळा, एवढ्यात भागतं, कारण रोज दोन धुवून वाळतात. वाळवायची युक्ती: कुर्ता धुऊन पिळून झाला की कोरड्या पंच्यात गुंडाळायचा, वळकटी करायची आणि ती वळकटी पिळायची. उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो. मग हँगरला लावून खोलीत पंख्याखाली. एसी चालू असेल तर आणखी बरं, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो; बाहेर गॅलरीत रात्रभर न वाळणारा कपडा आत वाळतो. म्हणूनच जाड टर्किश टॉवेल घरी ठेवा आणि माणशी दोन पंचे आणा. समुद्रावर, आंघोळीला, मानेवर टाकायला, डोक्याला गुंडाळायला तेच.

देवळांचा दिवस. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, ही सगळी फोंड्याकडची देवळं आजही घरच्या कुलदैवतासारखी चालतात. गुडघ्यावरची चड्डी, उघडे खांदे चालत नाहीत. काही ठिकाणी दाराशी गुंडाळायला कापड देतात, पण दिवसभर कुणाकुणाच्या कमरेला लागलेलं ते कापड नेसण्यापेक्षा स्वतःची ओढणी बरी. नवऱ्याला पातळ लांब पायजमा किंवा लिननची पँट. जुन्या गोव्याच्या बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्येही हाच नियम. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तिथे रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या माणसांचे कपडे बघा, इस्त्रीचा शर्ट, बंद बूट. त्यांच्यात बनियन-चड्डीवर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की आपलं आपल्यालाच कसंतरी होतं. आणि सकाळीच जा. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर प्रांगणातली फरशी अशी तापते की सासूबाईंना टाचेवर पळावं लागेल. आधी देवळं, मग परतताना जुनं गोवं. बासिलिका जाड भिंतींची आहे, आत उकाडा कमी लागतो.

उन्हाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. मेच्या सुरुवातीला गोव्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास आपली सावली पायाखाली जाते. तुम्ही याल तेव्हाही फारसा फरक पडलेला नसेल. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते, म्हणून चहूबाजूंनी कड असलेली कापडी टोपी घ्या. मुलाच्या टोपीला हनुवटीखाली बांधायचा बंद शिवून घ्या, वाऱ्याने एकदा पाण्यात गेली की गेली.

समुद्रात ओढणी, साडी, सलवार-कमीज काहीच नको. हे मी लाजेच्या मुद्द्यावर बोलत नाही. भिजलेलं सूत जड होतं, लाट परतताना पायाला गुंडाळतं आणि गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. सासूबाईंना पाय भिजवायचे असतील तर साडी नीट वर खोचून, हात धरून, काठालाच. तुम्ही आणि मुलगा नायलॉन-लायक्राचे पोहण्याचे कपडे घ्या. हॉटेलच्या तलावातही बहुतेक ठिकाणी सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत. मुलाला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, गडद रंगाचा. बाप लोक मुलाला पांढरा सुती टी-शर्ट घालून पाण्यात सोडतात आणि ऊन लागणार नाही म्हणून निश्चिंत होतात. पांढरं पातळ सूत मुळात ऊन फार अडवत नाही, भिजलं की त्याहून कमी. संध्याकाळी पाठ लाल होते ती त्याच टी-शर्टातून.

पायात रबरी सँडल, मागे पट्टा असलेली. कोल्हापुरी घरी राहू दे. खाऱ्या पाण्याने चामडं कडक होऊन वाकडं होतं. चापोऱ्याच्या किल्ल्याची चढण सुट्या खड्यांची आहे, तिथे नुसती स्लिपर घसरते.

बोटीवरच्या संध्याकाळी काही वेगळं लागत नाही. नदीवर वारा असतो, एवढंच, केस बांधा. त्याच मांडवीतल्या कॅसिनोचा विचार असेल तर तिथे बऱ्याच ठिकाणी पुरुषांना चड्डी-चपलेवर घेत नाहीत, आणि २१ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, म्हणजे मुलाची सोय बघावी लागेल.

रंग: घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात ते राखाडी आणि आकाशी कापडावर. पांढरं, गर्द निळं आणि बारीक छापाचं कापड घाम लपवतं. पण पांढरं घालून काजूच्या बोंडाला हात लावू नका. मेमध्ये रस्त्याकडेला बोंडं मिळतात, मूल हट्टाने घेणार, रस हनुवटीवरून शर्टावर ओघळणार. तो डाग आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग जन्मभर राहतो. मानकुराद आंब्याचंही तसंच, चीक फार. फळं खायची वेळ आली की मुलाला सरळ उघडा करा.

आता कॉस्च्यूम. किनाऱ्यावर बिनधास्त घाला. इथे पिढ्यानपिढ्या सगळं बघून झालेलं आहे, कुणाला काही वाटत नाही. त्रास देतात ते बहुतेक बाहेरून आलेले मोबाइलवाले घोळके, म्हणून जीवरक्षक असलेल्या, कुटुंबं बसलेल्या भागात बसा. मात्र वाळू संपली की अंगावर काहीतरी हवं. ओल्या कॉस्च्यूमवर बाजारात, बसमध्ये, कुणाच्या अंगणावरून जाणं इथल्या लोकांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. कळंगुट झालं तरी ते गावच आहे, तिथे माणसं राहतात. समोरून बटणांचा सैल मलमलचा अंगरखा बरोबर ठेवा, ओल्या अंगावरही पटकन चढतो.

निघायच्या आदल्या रात्री समुद्राचे सगळे कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि कपडा कधीच कोरडा होत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी पाण्यात जाण्याचा मोह टाळता आला तर उत्तम. नाहीच टाळता आला तर ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, रात्रभराच्या प्रवासात त्यावर काळे ठिपके धरतात. कोरड्या पंच्यात गुंडाळा, बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि पुण्याला पोचल्यावर चहा ठेवायच्या आधी ते दोरीवर टाका.